केल्पच्या काठाने कयाकवरून मासेमारी : गंगापूर धरणावरचा सराव तिथे कितपत कामी येईल?

गोदाकाठी (नाशिक)

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये लेकीकडे सॅन डिएगोला जायचे आहे आणि तिथे एक पूर्ण दिवस ला होया या किनारी भागातल्या केल्पच्या (समुद्रात उंच वाढणाऱ्या तपकिरी शैवालाच्या) रानाभोवती कयाक घेऊन गळ टाकायचा, असे मनाने घेतले आहे. गंगापूर धरणाच्या जलाशयावर मी बऱ्याच वर्षांपासून कयाक चालवतो. रॉड-रीळ हाताळण्याची सवय आहे. समुद्र मात्र मी होडीतून पाहिलेला आहे, कयाकमधून नाही.

माझे मत असे आहे की, ज्याला पाणवनस्पतींच्या कडेने मासा शोधता येतो, त्याला केल्पचे पाणी अगदीच परके वाटू नये. मरळ जशी वनस्पतीच्या सावलीत दबा धरून बसते, तसाच तिथला केल्प बासही बसतो, असे वाचनात आले आहे. हे मत बरोबर आहे का, दिवसाची आखणी कशी करावी आणि कोणत्या गोष्टीची तयारी नाशिकमध्ये राहूनच करता येईल, हे जाणकारांनी सांगावे. कोणाला माझे म्हणणे पटत नसेल, तर तेही मोकळेपणाने लिहावे.

निफाडचा गळकरी

काका, मरळीचा अनुभव नक्की कामी येईल. वनस्पतीत न अडकणारा गळ म्हणजे काय, हे आपल्याकडच्या फ्रॉग ल्यूअर (बेडकाच्या आकाराचे कृत्रिम आमिष) वापरणाऱ्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. मऊ रबरी मासोळीच्या पाठीत गळाचे टोक दडवायचे, म्हणजे पानांवरून ओढताना ते कशातच रुतत नाही आणि माशाने दाबले की बाहेर येते. तत्त्व तेच आहे. ब्रेड लाइन (विणलेली दोरी) जाड घ्या. मरळ गळाला लागल्यावर पहिल्या दोन क्षणांत तिचे तोंड वनस्पतीबाहेर वळवले नाही, तर ती बुडाशी जाऊन गुंता करते, हे तुम्हाला माहीत आहेच.

पॅसिफिककाठचा नाशिककर (सॅन डिएगो)

गोदाकाठी काका, स्वागत आहे. मी मूळचा पंचवटीचा असून ला होयाला नियमित कयाक नेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कयाक पाण्यात उतरवायची जागा म्हणजे ला होया शोअर्सचा वाळूचा किनारा. तिथून केल्पचे रान ला होया टोकाच्या बाहेर, पश्चिमेला लागते. मधल्या पाण्यात मात्लाहुआयल हे राखीव सागरी क्षेत्र आहे आणि त्यात कोणताही जीव पकडायला बंदी आहे. तुम्ही त्यातून वल्हवत जाऊ शकता, पण लाइन पाण्यात नसली पाहिजे. दक्षिणेला आणखी एक राखीव क्षेत्र आहे. ही क्षेत्रे दक्षिण कॅलिफोर्नियात २०१२ च्या सुरुवातीपासून लागू झाली. त्यांच्या सीमा फोनवरच्या नकाशात आधीच उतरवून ठेवा, कारण पाण्यावर रेघ आखलेली नसते आणि नियम मोडल्यास दंड होतो.

सोळा वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला राज्याचा मासेमारी परवाना लागतो. पाहुण्यांसाठी एका दिवसाचा परवाना मिळतो आणि तो ऑनलाइन काढता येतो. केल्प बास १४ इंचांपेक्षा लहान असेल तर सोडून द्यायचा. केल्प बास आणि त्याचे दोन वाळूतले भाऊबंद मिळून दिवसाला पाचच ठेवता येतात. नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री राज्याच्या मत्स्य विभागाचे संकेतस्थळ पाहून घ्या. नारिंगी रंगाचा गॅरिबाल्डी हा राज्याचा अधिकृत सागरी मासा आहे, त्याला धरायचे नाही. जायंट सी बास या प्रचंड माशाला १९८२ पासून संरक्षण आहे. तो चुकून गळाला लागला तर कयाकवर न घेता पाण्यातच सोडायचा.

आता दिवसाविषयी. उजाडायच्या आधी किनाऱ्यावर पोहोचा. सकाळी वारा पडलेला असतो आणि दुपारी पश्चिमेचा वारा चढतो, त्यामुळे खरी मासेमारी पहिल्या चार-पाच तासांतच उरकते. केल्पजवळ पोहोचल्यावर लगेच गळ टाकू नका. आधी पानांकडे पाहा. प्रवाह असेल, तेव्हा वाऱ्यात ज्वारीची ताटे कलावीत तसे सगळे देठ एका दिशेला झुकलेले दिसतात आणि प्रवाह जोराचा असेल तर पृष्ठभागावरचे छत चक्क पाण्याखाली ओढले जाते. प्रवाह ज्या बाजूने येतो, त्या बाजूच्या कडेला बास तोंड करून उभा असतो, कारण वाहत येणारे खाद्य त्याला तिथेच मिळते. ती कड आणि रानातल्या मोकळ्या पाण्याच्या फटी, या दोन जागा सोडून बाकी पाण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लंगर टाकायची गरज नाही. केल्पचे दोन-तीन देठ उचलून मांडीवर आडवे घेतले किंवा क्लिपने कयाकला अडकवले की कयाक जागेवर राहते. निघताना देठ तोडू नका, नुसते सोडून द्या.

निफाडच्या दादांनी लिहिलेल्या एका गोष्टीला मात्र पुस्ती जोडतो. बास देठांत घुसून अडकला, तर सरळ जोर लावत राहणे नेहमी फायद्याचे ठरत नाही. लाइन सैल सोडून थोडे थांबलात, तर ताण गेल्यामुळे तो पुष्कळदा स्वतःच्या पायवाटेने परत बाहेर येतो, आणि मग त्याला वळवता येते. मरळीबरोबर हे क्वचितच साधते.

चांदवडकर

एक प्राथमिक प्रश्न विचारतो. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर एवढे खडक आहेत, मग तिथे असे रान का नाही?

मालवणी, मुक्काम सातपूर

चांदवडकर, पाणी गरम पडते. केल्पला थंड आणि खनिजांनी समृद्ध पाणी लागते, आणि आमच्याकडचे पाणी वर्षातला बहुतेक काळ सव्वीस-सत्तावीस अंशांच्या वरच असते. पावसाळ्यात नद्या गाळ घेऊन येतात, त्यामुळे उजेडही खोलवर पोहोचत नाही. मालवणच्या खडकांवर सरगॅसम उगवते, त्यालाही हवेचे लहान फुगे असतात आणि हिवाळ्यात ओहोटीला ते तपकिरी गालिच्यासारखे दिसते. पण त्याची उंची कमी असते, त्यातून रान उभे राहत नाही.

मासे मात्र तसेच वागतात. खडकाच्या कपारीतली तांबोशी आणि गोबरा यांचा स्वभाव आणि गोदाकाठी काकांनी वर्णन केलेल्या बासचा स्वभाव यांत मला फारसा फरक दिसत नाही. आमचे जुने लोक भांगाच्या (मवाळ भरती-ओहोटीच्या) दिवसांत खडकावर गळ टाकतात, कारण उधाणाला पाणी इतके ओढते की शिसे तळाला ठरत नाही. केल्पलाही हाच हिशेब लावा. अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडले तर प्रवाह मवाळ असेल, छत पाण्यावर राहील आणि कड नीट दिसेल. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पहिल्यांदाच जाणाऱ्याने तिथे जाऊ नये.

शैवालप्रेमी शिक्षिका (नाशिक)

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून चांदवडकरांच्या प्रश्नाला थोडी भर घालते. ला होयाचा केल्प म्हणजे मॅक्रोसिस्टिस पायरिफेरा. तो तपकिरी शैवालांच्या गटातला आहे आणि शास्त्रीय अर्थाने वनस्पतींच्या कुळात बसत नाही. खडकाला धरून ठेवणारे जे बूड दिसते, ते मूळ नव्हे. ते अन्न किंवा पाणी शोषत नाही, फक्त पकड देते. पोषण सगळ्या पात्यांतून होते. प्रत्येक पात्याच्या बुडाशी वायूने भरलेला फुगा असतो, त्यामुळे देठ उभा राहतो आणि पृष्ठभागावर पोहोचल्यावर आडवा पसरत छत तयार करतो. अनुकूल पाण्यात तो दिवसाला अर्धा मीटर किंवा त्याहून अधिक वाढू शकतो.

१८३४ मध्ये तिएरा देल फ्वेगोच्या किनाऱ्यावर चार्ल्स डार्विन यांनी या केल्पची गुंतलेली मुळे (म्हणजे हेच बूड) झटकून पाहिली होती आणि त्यातून पडलेले लहान मासे, शिंपले, खेकडे, तारामासे पाहून, हे रान नष्ट झाले तर जमिनीवरचे जंगल नष्ट झाल्यापेक्षाही अधिक प्राणिजाती मरतील, असे मत नोंदवले होते. काकांना माझी मनापासून विनंती आहे की, गळ टाकण्याआधी एक देठ हातात घेऊन त्याच्या पानाची खालची बाजू नीट पाहावी. तिथे चिकटलेल्या चिमुकल्या गोगलगायी, कोळंबीसारखे जीव आणि पांढरी जाळीदार वसाहत दिसेल. बासचे पिल्लू ज्यावर जगते, ते सगळे त्या एका पानावर असते.

सप्टेंबरविषयीही एक सांगायला हवे. उन्हाळ्याच्या अखेरीस तिथले वरचे पाणी वीस अंशांच्या आसपास जाते आणि त्यातले नायट्रेट कमी होते, त्यामुळे छत विरळ झालेले असू शकते. छत दिसले नाही म्हणून रान नाही, असे समजू नये. देठ खाली असतात.

पॅसिफिककाठचा नाशिककर

ताई, अगदी बरोबर. विरळ छताच्या दिवसांत मी मासा शोधणाऱ्या यंत्रावर अवलंबून राहतो. त्याच्या पडद्यावर तळापासून उभ्या उठलेल्या रेघा दिसतात, ते केल्पचे देठ असतात.

वल्हेकरी

मी या चर्चेत थोडा विरोधी सूर लावतो आहे आणि त्यामागे काळजी आहे. मासा कुठे असतो, याबद्दल काकांचे मत योग्य असेलही. पण धरणावरच्या सरावामुळे समुद्रात कयाक चालवता येते, हे मला मान्य नाही. आपल्या जलाशयावर वाऱ्याने उठणाऱ्या लाटा आखूड असतात. तिथे दूरवरून येणारी लांब लाट किनाऱ्याजवळ उंच होते आणि फुटते, त्यामुळे सगळ्यात धोक्याची जागा खोल समुद्रात नसून किनाऱ्यापासूनच्या शेवटच्या पन्नास मीटरांत असते. त्यात थंड पाण्याची भर. अचानक वीस अंशांखालच्या पाण्यात पडल्यावर माणसाचा श्वास फुलतो, घोट घोट पाणी तोंडात जाते आणि पोहता येणारा माणूसही पहिल्या मिनिटात गडबडतो.

चांदवडकर

वल्हेकरी सर, आमच्या दुष्काळी तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरले आणि तेराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. माणूस कुठल्या पाण्यावर वाढला, याला इतके महत्त्व द्यावे का?

वल्हेकरी

चांदवडकर, त्यांचा मला फार अभिमान आहे. पण ती शर्यत सरोवरातल्या २००० मीटरच्या आखलेल्या मार्गावर झाली होती आणि त्यामागे सैन्यातली काटेकोर तालीम होती. तुमचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे : ज्या पाण्यावर उतरायचे, त्याची तालीम हवी.

आणि त्यातली अर्धी तालीम गंगापूरवर करता येते, म्हणूनच हे लिहितो आहे. जलसंपदा विभागाची परवानगी जिथे आहे तिथे, लाइफ जॅकेट घालून, सोबत दुसरी कयाक ठेवून, स्वतःची कयाक मुद्दाम उलटवा. मग ती सरळ करा, आडव्या बाजूने छाती वर टाका, पाय जोराने मारत पोटावर या, वळा आणि बसा. दमल्यावर पुन्हा करा. भिजलेल्या कपड्यांत, हातात वल्हे असताना हे सहज जमेपर्यंत समुद्राचा विचार करू नये. रॉडला आणि वल्ह्याला दोरी बांधायची सवयही इथेच लावा. काका, तुम्ही आता काय करता, वल्हे बांधून ठेवता का?

गोदाकाठी

वल्हेकरी सर, वल्हे बांधलेले असते, रॉड नसतो. उलटवून पुन्हा चढण्याचा सराव लगेच सुरू करतो. आपले म्हणणे पूर्ण पटले.

बर्गनवासी (नॉर्वे)

उत्सुकतेने वाचतो आहे. इथला केल्प वेगळ्या जातीचा आहे, लॅमिनारिया हायपरबोरिया. त्याला फुगे नसतात, देठ ताठ आणि खरखरीत असतो आणि तो तळापासून दीड-दोन मीटर उंच उभा राहतो, पृष्ठभागावर छत तयार होत नाही. त्यामुळे कयाकवरून आम्हाला रान वरून दिसते आणि ल्यूअर त्याच्या शेंड्यांच्या किंचित वरून ओढावा लागतो. पोलॅक मासा खालून उसळी मारून तो घेतो आणि घेतल्याक्षणी पुन्हा खाली सुटतो. इथे मात्र निफाडच्या दादांचा सल्ला शंभर टक्के लागू पडतो, कारण सैल सोडली तर पोलॅक ताठ देठांना लाइन गुंडाळतो आणि ती तुटते. म्हणजे सैल सोडावे की ओढून धरावे, हे केल्पच्या जातीवर आणि माशावर ठरते.

समुद्रात गळाने मासे धरायला इथे पाहुण्यालाही परवाना लागत नाही. पण पाणी इतके थंड असते की आम्ही उन्हाळ्यातही पाणी आत न शिरणारा पूर्ण पोशाख घालतो. कपडे हवेकडे पाहून घालायचे नसतात, पाण्याकडे पाहून घालायचे असतात.

दंतवैद्य, कॉलेज रोड

विषयाला धरूनच एक छोटी नोंद. दातांचा साचा घेण्यासाठी आम्ही जी अल्जिनेटची पूड पाण्यात कालवतो, तिच्यातला मुख्य घटक तपकिरी शैवालांतूनच येतो. सॅन डिएगोच्या किनाऱ्यावरचा केल्प विसाव्या शतकात अनेक दशके जहाजांनी याच अल्जिनेटसाठी कापला जात असे. आइस्क्रीमलाही तो दाटपणा देतो.

गंगापूर रोडची वाचक

मी मासेमारी करत नाही, त्यामुळे एक शंका विचारते. एवढ्या सुंदर रानात जाऊन मासे पकडण्याऐवजी नुसते वल्हवत फिरले तर काय कमी होते? पकडून सोडणे हा माशाला दिलेला त्रासच नाही का?

पॅसिफिककाठचा नाशिककर

ताई, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. त्रास होतो. तो कमी करता येतो : काटा नसलेला एकेरी गळ वापरायचा, ओल्या हाताने धरायचे, मासा पाण्याबाहेर काही सेकंदच ठेवायचा. केल्प बास हळू वाढतो आणि तीस वर्षांहून अधिक जगू शकतो, त्यामुळे मोठी मादी सोडण्याला खरा अर्थ आहे. रॉकफिश मात्र वीस मीटरहून खोल पाण्यातून वर काढला, तर त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात आणि तो स्वतः खाली जाऊ शकत नाही. त्याला वजनाला अडकवून खोलवर उतरवून सोडणारे साधन मिळते, ते सोबत नसेल तर खोल पाण्यात गळ टाकूच नये. मी स्वतः खाण्यापुरते एक-दोन ठेवतो आणि बाकी सोडतो.

शैवालप्रेमी शिक्षिका

नाशिककर दादांच्या उत्तराला एका मोठ्या गोष्टीची जोड देते. रानाला खरा धोका गळापेक्षा दुसरीकडून आला. उत्तर कॅलिफोर्नियात २०१३ पासून सूर्यफूल तारामासा रोगाने मोठ्या प्रमाणावर मेला, पाठोपाठ २०१४ ते २०१६ मध्ये समुद्र असाधारण तापला. हा तारामासा समुद्री अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे जीव) खात असे. तो गेल्यावर जांभळ्या अर्चिनांची संख्या बेसुमार वाढली आणि त्यांनी तिथला बुल केल्प कुरतडून नव्वद टक्क्यांहून अधिक संपवला. केल्पवर जगणारे ॲबलोन (मोठ्या समुद्री गोगलगायी) उपाशी मेले आणि २०१८ मध्ये त्यांची हौशी मासेमारी बंद करावी लागली. दक्षिणेला अर्चिन खाणारा शीपहेड नावाचा मासा आहे. तो मादी म्हणून जन्मतो आणि मोठा झाल्यावर नर होतो, म्हणून मोठे मासे सतत काढले तर नरच उरत नाहीत आणि अर्चिनही माजतात. काका, मोठा शीपहेड लागला तर तो सोडावा, एवढे मागते.

गोदाकाठी

सर्वांचे मनापासून आभार. शीपहेड सोडीन, हा शब्द देतो. आता ठरवले आहे ते असे : नोव्हेंबरपर्यंत मुक्काम असल्यामुळे अष्टमीचा दिवस निवडायचा, स्थानिक मार्गदर्शक घ्यायचा, वेटसूट भाड्याने घ्यायचा, आणि पहिला अर्धा तास गळ न टाकता प्रवाह आणि पाने पाहायची. मुलगी सोबत दुसऱ्या कयाकमध्ये असेल. वल्हेकरी सरांनी किनाऱ्याजवळच्या शेवटच्या पन्नास मीटरांचा उल्लेख केला आहे, त्याबद्दल अजून मनात धास्ती आहे. परत येताना नेमके काय करावे?

वल्हेकरी

लाटा फुटतात त्याच्या बाहेर थांबा आणि मोजा. मोठ्या लाटा गटाने येतात, मग काही काळ पाणी शांत असते. रॉड, यंत्र, मासे, सगळे आत बंद करून पट्ट्याने आवळा. रॉड उभा ठेवलात तर कयाक उलटताना तो तुम्हाला लागतो. शेवटच्या मोठ्या लाटेच्या पाठीवर राहून वल्हवा, तिच्या पुढे जाऊ नका. नाक किनाऱ्याकडे सरळ असू द्या. कयाक आडवी होऊ लागली तर लाटेच्या बाजूला झुका, किनाऱ्याच्या बाजूला नाही. आणि पडलात तर कयाकच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये कधीही उभे राहू नका, कारण पुढची लाट पाण्याने भरलेली कयाक तुमच्या गुडघ्यांवर आणून आदळते.

मालवणी, मुक्काम सातपूर

आणि तिथल्या उथळ वाळूत पाकट असतात का, हे नाशिककर दादांनी सांगावे. आमच्याकडे पाकटाचा काटा पायात गेलेला माणूस दिवसभर कळवळतो.

पॅसिफिककाठचा नाशिककर

असतात, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस शोअर्सला जास्तच असतात. कयाकमधून उतरल्यावर पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत पुढे सरकवा, म्हणजे पाकट आधीच निघून जातो. तरीही काटा लागलाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना हाक मारायची. त्यांना याची सवय आहे. काका, तारीख ठरली की इथेच कळवा. मी माझी कयाक घेऊन येतो, म्हणजे आपण तिघे असू.